बटाटा

नाव आधी पडलं, मग कळलं ती मादी आहे.
तोवर निमिषने पुठ्ठ्यावर स्केचपेनने लिहून
पिंजऱ्याला टांगलंही होतं :
श्री. बटाटा, ससा, जेलरोड, नाशिकरोड.
आता ‘श्री.’वर रेघ मारून ‘सौ.’ केलंय.

आयरीन टीचरच्या सशाकडे
एक रविवार ती पाहुणी राहून आली
आणि त्या संध्याकाळपासून
आमच्या घरात एकतीस हा आकडा शिरला.

कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी
निमिषच्या फुल्या पडू लागल्या.
हिची गल्लत झाली, महिनाअखेरीस
दूधवाल्याचे अकरा दिवस कापले गेले.
तो विचारायला वर आला,
निमिषने त्याला सगळं समजावून सांगितलं.
दुसऱ्या दिवशी किटलीला लसूणघासाची पेंढी अडकवलेली,
त्याच्या म्हशीच्या वाटणीची.

मी प्रेसमध्ये, मोजणीवर.
दिवसभर बोटांखालून जातं ते माझं नसतं,
त्याच्याकडे मी नीट बघतही नाही.
घरी आलो की पोरगं बोटं पुढे करतं :
बाबा, आता किती राहिले?
एकोणीस.
सकाळीपण एकोणीसच होते!
सकाळीपण आजच होता ना रे.

पिंपळगावहून मेहुण्याने द्राक्षांचा क्रेट पाठवला,
रिकामा, तळाशी एक सुकलेला देठ.
त्यात वाळलं गवत,
आणि मधोमध निमिषचा जुना पायमोजा.
पिल्लांना माझा वास माहीत हवा, म्हणाला.
बटाटाने तो त्याच दिवशी बाहेर ढकलला.

एकतिसावा दिवस आला आणि गेला.
तिने गाजर खाल्लं, कान खाजवला,
आमच्याकडे पाहिलं,
तारीख तुम्ही काढली होती, मी नाही, असं.
निमिष जेवला नाही.
गणित चुकलं का, बाबा?
गणितात त्याला नेहमीच कमी पडतात,
म्हणून हे त्याने फार हळू विचारलं.

त्या रात्री थंडीने फरशी चावत होती.
निफाडकडे बागांमधून शेकोट्या पेटल्या असतील.
दोनच्या सुमाराला त्याने मला हलवलं :
बाबा, ती स्वतःला उपटतेय!

बॅटरीच्या उजेडात
छातीचे, पोटाचे केस तोंडाने ओढून
ती क्रेटमध्ये नेत होती,
परत येत होती, परत ओढत होती.
थांबव ना तिला.
मी तिला थांबवलं नाही. त्याला धरून बसलो.
थोड्या वेळाने त्याने माकडटोपी काढली,
दातांनी गोंडा तोडला,
उसवून लोकरीचा झुपका जाळीतून आत सोडला.
तिने हुंगला.
मग तोही नेला.

सकाळी केसांचा ढीग वरखाली होत होता.
निमिषने तोंडावर हात धरला.
सहा.
उघडी, मिटलेली,
शेंगदाण्याच्या सालीच्या रंगाची.
पाच एकमेकांत घुसत होती,
सहावं जरा अलीकडे, ठेवल्यासारखं.

माझ्या हातांना शाईचा वास असतो.
आधी ते गवतात चोळले, मग ते उचललं.
थप्पीतून एक कागद निघाला तरी
माझ्या बोटांना कळतो.
ह्याचं वजन हातावर आलंच नाही.

कढीपत्त्याच्या बुंध्याशी चमच्याने खड्डा केला.
पायमोजा उपयोगी पडला.

फुल्या संपल्या त्या चौकटीत निमिषने लिहिलं : ६.
आई म्हणाली, पाच ना रे?
तो म्हणाला, झाली सहा.

मग प्रेसचा भोंगा झाला.
डबा घेऊन मागे पाहिलं तर
तो क्रेटवर दोन्ही तळवे पसरून वाकलेला,
आवाज आत जाऊ नये म्हणून.
त्यांचे कान अजून उघडलेच नाहीत
हे मला ठाऊक होतं.
चपला घातल्या,
दार हळू ओढून घेतलं.